कुलूपबंद यादी

आश्लेषाताई बापटांनी बावीस वर्षं विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवलं आणि तितकीच वर्षं नाकाने कांदे सोलले. चंडीगडसारख्या आखीव गावात लोक सेक्टर सतरातून अठरात जायलाही मोबाइलला रस्ता विचारतात, याची त्यांना शिसारी येई. "फुकट अ‍ॅप घेतात आणि घरदार लिहून देतात. अडाणी बरे यांच्यापेक्षा," असं त्या तोंडावर म्हणत. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज नव्हे, लिनक्स होतं. ज्या अ‍ॅपवर सगळं जग गप्पा मारतं, ते मात्र त्यांच्या मोबाइलवर नव्हतं.

गेल्या गणपतीत मराठी मंडळाने सभासदांची माहिती ऑनलाइन फॉर्मवर भरून घेतली आणि महिन्याभरात घरोघरी विमेवाल्यांचे फोन सुरू झाले. यंदा ताईंनी कार्यकारिणीच्या बैठकीत ठराव मांडला. यादी मंडळाच्याच संगणकावर, लिब्रेऑफिसच्या फाइलमध्ये, पासवर्ड लावून ठेवायची.

अध्यक्ष डॉक्टर शिशिर नाडकर्णी हसले. "ताई, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?"

"मग तुमचा मोबाइल उघडून टेबलावर ठेवा. वाचू सगळे."

शिशिररावांनी मोबाइल खिशात घातला. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही जात ताईंच्या चांगल्याच ओळखीची होती. ठराव मंजूर झाला.

पत्ता द्यायला एकटी कश्मिरा तयार नव्हती. नवरा सीमेवर, ती दोन मुलींना घेऊन चंडीमंदिरच्या लष्करी क्वार्टरमध्ये राहायची. ताई स्वतः तिच्याकडे गेल्या. "यादी बाहेर जाणार नाही. माझा शब्द," म्हणाल्या. तेव्हा कुठे तिने मुलींची नावं, शाळा, क्वार्टर नंबर सगळं सांगितलं.

पुढच्याच रविवारी तिचा फोन आला. "ताई, मंडळाच्या ग्रुपवर आमचा पत्ता आहे. मुलींची शाळासुद्धा."

ताईंनी शिशिररावांना फोन लावला. प्रसाद घरोघरी पोचवायचा होता, ते सांगू लागले. दर वेळी संगणक उघडून पासवर्ड घालायचा त्यांना कंटाळा आला, म्हणून त्यांनी पडद्याचे मोबाइलवर सहा फोटो काढले आणि सर्वांच्या सोयीसाठी ग्रुपवर टाकले. एकशे चाळीस सभासदांपैकी निम्म्यांनी अंगठे दाखवून आभारही मानले होते.

"कधी टाकले?"

"गुरुवारी. आत्ता काढतो की, त्यात काय. पण ताई, तुम्ही ग्रुपवर असता तर तेव्हाच बोलला असतात ना? तीन दिवस कुणी काहीच बोललं नाही, यार."

त्या मूर्खाला झोडपायला ताईंकडे शब्दांची कमी नव्हती. पण तीन दिवस एकशे एकोणचाळीस मोबाइलांवर ते फोटो फिरत होते आणि त्या ग्रुपवर एकट्या आपणच नव्हतो. त्यांनी फोन ठेवला.

संध्याकाळी त्या चंडीमंदिरला गेल्या. कश्मिराने "या ताई" म्हटलं, पाणीही दिलं. आतून धाकटी धावत बाहेर आली, ताईंना आपल्या शाळेतली गंमत सांगायला. कश्मिराने तिचा हात धरला आणि तिला आत पाठवलं.