शांघायहून आलेली पत्रे

माझ्या नोकरीतले बरेच तपास आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कोणता आरोपी सिन्नरचा आणि कोणता निफाडचा, हेही कधी कधी आठवत नाही. नाशिक रोडच्या मालधक्क्यावर उघडलेली रेशमाच्या मालाची ती गाठ मात्र मी विसरलेलो नाही. त्या प्रकरणात माझी चूक झाली होती आणि चुका जास्त दिवस लक्षात राहतात. संबंधितांची नावं देत नाही. त्यांची मुलंबाळं याच जिल्ह्यात नांदत आहेत.

गोष्ट १९३५च्या सुमाराची. मी नाशिक शहरातल्या एका ठाण्यावर फौजदार होतो. सकाळी हजेरी, नंतर डाक, मग कोठडीची पाहणी असा आमचा क्रम. एके सकाळी डाकेत सुपरिंटेंडेंट साहेबांच्या कचेरीतून आलेला एक निनावी अर्ज होता. मोडीत लिहिलेला, सफाईदार वळणाचा. शहरातला एक रेशीम व्यापारी चीनमधून गुप्त लिपीत पत्रं मागवतो, येत्या मंगळवारी त्याची गाठ नाशिक रोडला उतरेल, आणि तिच्यात ‘कोकीण’ आहे, असा मजकूर. कडेला साहेबांचा शेरा होता: ताबडतोब कारवाई व्हावी.

अर्जदाराला कोकेन म्हणायचं होतं, हे उघड होतं. पूर्वेकडून मुंबईला येणाऱ्या बोटींतून तो माल चोरून उतरत असे आणि पानात घालून विकला जात असे. आमच्याकडे तशी परिपत्रकंही येत. त्यामुळे चीन हा शब्द वाचला, तेव्हाच माझा अर्धा निर्णय झाला होता.

व्यापारी पन्नाशीचे मुसलमान गृहस्थ होते. ऐन विशीत मुंबईच्या एका सावकाराबरोबर ते शांघायला गेले आणि तिथल्या गोदामात बरीच वर्षं राहिले. परत आल्यावर येवल्याच्या मागांसाठी चीनचं कच्चं रेशीम मागवू लागले. येवल्यात त्यांना ‘चिनीभाई’ म्हणत. मीही इथे तेच नाव वापरतो.

मंगळवारी दुपारी जमादार आणि दोन शिपाई घेऊन मी मालधक्क्यावर गेलो. पंचांची गरज होती. तिथे रेशमाचा एक अडत्या उभाच होता, नाशकातला जुना, वजनदार माणूस. येवल्याला रेशीम पुरवण्याचा धंदा पूर्वी त्याच्याच हातात होता.

“साहेब, पंच हवेत का? मी आहे की,” तो आपण होऊन म्हणाला.

एकाच धंद्यातला माणूस नको म्हणून मी त्याला बाजूला केलं आणि धक्क्यावरचा मुकादम व एक चहावाला असे दोन पंच घेतले. गाठीची सुतळी कापली. आत पांढऱ्या-पिवळ्या रेशमाच्या लडी होत्या आणि त्यांच्यामध्ये मेणकापडात गुंडाळलेली एक पुडी. पुडीत पांढरी भुकटी. जमादाराने चिमूटभर जिभेच्या टोकाला लावली. “जीभ बधिर झाली साहेब,” म्हणाला.

चिनीभाईंच्या घराची झडती घेतली, तेव्हा लाकडी पेटीत पत्रांचा जाडजूड गठ्ठा सापडला. सगळी चिनी. पंचनाम्यात मी लिहिलं, ‘सांकेतिक लिपीतील कागद’. मॅजिस्ट्रेटसमोर उभं करून कोठडीची मुदत घेतली आणि जबाब सुरू केले.

“ही पत्रं कोणाची?”

“शांघायला रेशीम उकलायचा कारखाना आहे साहेब, तिथल्या मुनिमाची. लिहायला-वाचायला त्यांनीच शिकवलं मला.”

“व्यापार इंग्रजीत होतो. चिनी कशाला?”

“इंग्रजीत लिहिलं तर पत्र आधी मुंबईच्या दलालाकडे जातं. तो सांगेल तो माल, तो सांगेल ती प्रत. गाठीवर खरं काय लिहिलंय ते इथे कोणाला वाचता येतं? मी कारखान्याला सरळ लिहितो, म्हणून मला मागितलेलाच माल येतो. वाचून दाखवू का?”

“आरोपीने स्वतःविरुद्धचा पुरावा वाचून दाखवायचा? तू मला खुळा समजतोस?”

“मग मालधक्क्यावरच्या गुड्सच्या बाबूला विचारा. त्या गाठीबद्दल मी त्याला आधीच अर्ज दिलाय.”

बाबूही यांना सामील असणार, असं मी मनात धरलं. संशयाचं हेच असतं. एकदा शिरला की समोर येणारा प्रत्येक माणूस त्याला पुरतो. दोन दिवस मी तेच प्रश्न उलटसुलट विचारले. ते तीच उत्तरं देत राहिले. खोटं बोलणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या वेळी काहीतरी नवीन जोडतो, असा माझा अनुभव. हे काहीच जोडत नव्हते. त्याचाही अर्थ मी असाच लावला की गडी मुरलेला आहे.

चौथ्या दिवशी सकाळी येवल्याहून एक म्हातारी बाई ठाण्यावर आली. रहाटावर रेशीम उकलण्याचं काम करणारी. शिपाई हटकत असताना ती पायरीवर बसूनच राहिली. शेवटी मी आत बोलावलं.

“फौजदारसाहेब, चिनीभाईला कवा सोडनार?”

“तुमचे कोण ते?”

“कोन नाय. पन त्यांच्या रेशमाचा तार तुटत नाय. त्या नाशकाच्या अडत्याचा माल घ्यायचो तवा दिसभर निस्ती गाठी मारत बसायची मी. एक नंबर म्हनून द्यायचा आन् आत भलतंच. चिनीभाईनंच दोन सालामागं त्याच्या गाठीवरची चिठ्ठी वाचून सांगितलं, ह्यो दोन नंबरचा माल हाय. भर बाजारात सांगितलं. तवापास्नं त्याच्याकडं कोन जात नाय.”

“गाठीत पुडी सापडली, ती काय आपोआप आली?”

“ते मला काय ठावं? पन लपवायचंच आसतं तर त्यांनी गाठ समद्यांसमोर खोला म्हनून अर्ज का दिला आसता? आमच्या मागाच्या मालकांना त्यांनी सोताच सांगितलं व्हतं.”

अर्जाची गोष्ट दुसऱ्यांदा कानावर आली. दुपारी मी गुड्सच्या बाबूकडे गेलो. त्याने आवक-नोंदीची वही काढली. चिनीभाईंचा अर्ज तिथे लावलेला होता: गाठ रेल्वेच्या माणसांसमोर उघडून ताब्यात द्यावी. वर आवक क्रमांक आणि शिक्का. अर्ज आमच्या छाप्याच्या सहा दिवस आधीचा होता. मी वही दोनदा उलटून पाहिली. क्रमांक मागच्या-पुढच्या नोंदींशी जुळत होते. मागाहून घुसडलेला कागद नव्हता.

कोकेन मागवणारा माणूस गाठ चारचौघांत उघडा असं लिहून देत नाही. पण त्याने तसं का लिहून दिलं, हे त्या पत्रांतच असणार होतं. आता वाचणारा हवा होता.

देवळालीच्या छावणीत बंगल्याबंगल्यांतून रेशमी कापड विकत सायकलवर फिरणारा एक चिनी फेरीवाला होता. पाचव्या दिवशी शिपाई त्याला घेऊन आले. बिचारा घामाघूम झाला होता. त्याच्यावरही माझा भरवसा नव्हताच. मी चिनीभाईंना एका खोलीत बसवलं, त्याला दुसऱ्या. दोघांपुढे आळीपाळीने तेच कागद ठेवले आणि त्यांत मुद्दाम चहाच्या पेटीचा एक कागद मिसळला. जमादाराने एकाचं लिहून घेतलं, मी दुसऱ्याचं.

फेरीवाल्याने पहिलाच कागद उचलला. “साब, ये तो चाय का कागज है. इसमें क्या चोरी?”

शेवटच्या पत्रापाशी तो थांबला आणि बोट ठेवून मुनिमाचा मजकूर सावकाश सांगू लागला. मुंबईचा कोणी माणूस तुझी गाठ कोणत्या बोटीने निघणार याची चौकशी करत होता. म्हणून यावेळी गाठ लाल दोरीने बांधली आहे, तीन गाठी मारून वर माझा शिक्का केला आहे. दोरी बदललेली दिसली तर रेल्वेच्या माणसांसमोर उघड.

जमादाराचा कागद मी शेजारी ठेवला. शब्द थोडे वेगळे, मजकूर तोच. नंतर मी दोघांना समोरासमोर आणलं. गंमत म्हणजे एकाची बोली दुसऱ्याला धड कळेना. पण कागदावर दोघांचंही बोट एकाच ओळीवर पडत होतं.

मी पंचनामा काढला. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं: ‘गाठ सुतळीने बांधलेली होती, ती पंचांसमक्ष कापली.’

आता प्रश्न एकच होता. निनावी अर्जदाराला गाठ येण्याचा वार कसा कळला? मी न बोलावता मालधक्क्यावर हजर असलेला माणूस आठवला. संध्याकाळच्या आत अडत्याला ठाण्यावर आणलं.

“वीस वर्षं चीनचा माल विकता. गाठीवरचं वाचता येतं?” मी विचारलं.

“छे हो! मुंबईचा दलाल सांगतो ती प्रत. आमच्या धंद्यात ते कोणालाच वाचता येत नाही.”

“चिनीभाईंना येतं.”

मी त्याच्यापुढे दौत-टाक ठेवला. “मंगळवारी धक्क्यावर काय पाहिलंत, तुमच्या हाताने लिहा. मोडीत चालेल.”

त्याने लिहिलं. तेच सफाईदार वळण. आणि तिसऱ्या ओळीत ‘कोकीण’. मी निनावी अर्ज त्याच्या कागदाशेजारी सरकवला. त्याने दोन्ही कागद पाहिले, पाणी मागितलं, आणि पाणी प्यायल्यावर सगळं सांगितलं. मुंबईच्या गोदामात दलालाच्या माणसाकरवी गाठ उघडून पुडी ठेवली होती, आणि गाठ नाशिक रोडला पोचण्याचा वारही त्याच माणसाने कळवला होता.

“त्याने माझी पत घालवली साहेब,” तो म्हणाला. “भर बाजारात. ती मासोळ्यांसारखी चार अक्षरं वाचून.”

अडत्याला शिक्षा झाली. मुंबईचा माणूस फरारी झाला तो सापडलाच नाही. पुढे चिनीभाईंनी येवल्याच्या विणकरांना रेशमाच्या प्रतींच्या दहा-बारा खुणा पाटीवर काढून शिकवल्या, असं ऐकलं. येवल्याच्या बंदोबस्तावर असताना मी स्वतः पाहिलं, एका विणकराने गाठीवरची चिठ्ठी निरखली आणि गाठ दुकानदाराला तशीच परत दिली.

सुटकेनंतर चिनीभाई पत्रं परत न्यायला ठाण्यावर आले. पोचपावतीवर सही केली. मी त्यांना खुर्ची दिली आणि ‘तुम्ही’ म्हणालो. पाच दिवस ‘तू’ म्हटल्यावर ते मलाच अवघड गेलं.

“पहिल्या दिवशीच म्हणालो होतो साहेब, वाचून दाखवतो,” ते म्हणाले.

“आरोपीच्या वाचनावर भरवसा कसा ठेवणार?”

“माझ्यावर नका ठेवू. पण तो देवळालीचा चिनी दर आठवड्याला या ठाण्यावरून सायकल घेऊन जातो. त्याला बोलवायला पाच दिवस का लागले?”

आवाजात राग नव्हता. खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं. मी डायरी पुढे ओढून काहीतरी लिहीत असल्याचं दाखवलं. त्यांनी सलाम केला आणि ते पेटी घेऊन निघून गेले.

उत्तर मला तेव्हाही माहीत होतं. मी वाचणारा शोधलाच नव्हता, कारण त्या पत्रांत काय असणार हे मी ती पाहण्याआधीच ठरवून टाकलं होतं.