कडधान्यातला डेटाबेस

कॉलेजच्या लॅबमध्ये काही वर्षं काढली की किस्से आपोआप साठत जातात. माझे ऐकून लोक पोट धरून हसतात. मीही हसतो, पण सांगून झाल्यावर माझी मलाच लाज वाटते.

दोन हजार सालाच्या आसपास मी परतूरला कॉम्प्युटर शिकवायचो. डीएनएच्या चार अक्षरांत माहिती साठवता येते, आणि नोंदीशी जुळणारा जोडीचा तुकडा द्रावणात सोडला की हवी ती नोंद त्याला चिकटून नेमकी हाती लागते, असं कुठंतरी वाचलं आणि डोक्यात भूत शिरलं. विज्ञान प्रदर्शनासाठी मॉडेल ठरलं! तूर, मूग, हरभरा, मटकी ही चार अक्षरं. एका माणसाची नोंद म्हणजे एक माळ: नाव, गाव, काम. ओवणार अर्थातच आमचे लॅब असिस्टंट गफूरभाई. नऊ वर्षं टेंपररी. सर्टिफिकेटवर नाव आलं तर पर्मनंटच्या फाइलला जोडता येईल, एवढीच त्यांची आशा.

*

सुई शिरेना म्हणून मीच म्हटलं, "दाणे भिजवा." सोमवारी लॅब उघडली तर माळांना मोड!

"सर, डेटा वाढून राह्यला!" गफूरभाई म्हणाले.

तेवढ्यात प्राचार्य आले. "कोणी भिजवले?"

मी गफूरभाईंकडे बोट दाखवलं. ते तापवलेल्या सुईनं कोरडे दाणे पहिल्यापासून ओवायला बसले.

*

अक्षरांची जोडी कशी जुळते हे वर्गात दाखवायचं होतं. "मुलं म्हणजे तूर, मुली म्हणजे मूग. धरा हात!"

कोणी हलेना. शेवटी केदारखेड्याची एक मुलगी उठली. "सर, माझे काका कॉलेजच्या हापिसातच हैत. त्यायला विचारून येऊ का?"

वर्गात हशा पिकला! मी मात्र तिलाच मागासलेली म्हणालो. दोन दिवस ती आली नाही.

*

प्रदर्शन जालन्याला होतं. फॉर्मवरची 'सहकारी'ची जागा मी रिकामी सोडली. ओवण्यात कसलं आलंय संशोधन! टेबलावर माझ्या एकट्याच्या नावाची पाटी. गफूरभाईंनी ती वाचली आणि माळा मांडत राहिले.

परीक्षकांनी एक माळ उचलली. "ही कोणाची नोंद? वाचा."

मला कुठं वाचता येत होतं! कोणत्या दाण्यांचं कोणतं अक्षर याचा तक्ता मी केला, पण ओवून ओवून पाठ झाला होता तो गफूरभाईंना. मी ठोकून दिलं, "भोकरदनचा विद्यार्थी, सर."

परीक्षक गफूरभाईंकडे वळले. "बराबर?"

त्यांनी माळ हातात घेतली, दाण्यांवरून सावकाश बोट फिरवलं.

"बिलकुल बराबर, सर."

पहिलं बक्षीस!

परतताना एसटीत मी हळूच विचारलं, "गफूरभाई, ती माळ खरी कोणाची होती?"

"माझी व्हती, सर."