ऐंशी टक्क्यांपर्यंतची गोष्ट

हमरस्त्याच्या कडेला, मोठ्या मोकळ्या अंगणासमोर, एकाच छपराखाली दोन शटरं होती. डावीकडे थोरला पंक्चर काढायचा, उजवीकडे धाकटा लोकांचे केस कापायचा. मध्ये प्लायवूडची भिंत. ती इतकी पातळ, की इकडे कुणी शिंकलं तर तिकडचा वस्तरा थबकायचा.

थोरला माणूस म्हणून लाखात एक. रस्त्यात कुणाची गाडी अडली तर भरल्या ताटावरून उठून जाईल असा. फक्त धाकट्याचं काही चांगलं झालं की याच्या पोटात दुखायचं. दुखणं जुनं होतं. लहानपणी आईने दोघांना दूध दिलं की हा दोन्ही पेले खिडकीत शेजारी शेजारी ठेवायचा आणि एक डोळा मिटून, खाली वाकून, पातळी बघायचा. पुढे धाकट्याला चष्मा लागला, तेव्हा हाही डोळे तपासून आला. तुमची नजर उत्तम आहे असं डॉक्टरांनी सांगितल्यावर कितीतरी दिवस तोंड पाडून फिरत होता. त्याची बायको म्हणायची, "यांचा मत्सर म्हणजे व्यायाम आहे. एक दिवस चुकला तर अंग आंबतं."

एवढं असूनही दोघांचं बरं चाललं होतं, कारण थोरल्याजवळ दोन गोष्टी अशा होत्या ज्या धाकट्याजवळ नव्हत्या. एक म्हणजे आबा, त्यांचे वडील. जन्मभर ट्रक चालवून घरी बसलेले आबा सकाळी उठून थोरल्याच्या दुकानात यायचे आणि भिंतीशी ठेवलेल्या ट्रकच्या जुन्या सीटवर संध्याकाळपर्यंत बसायचे. दुसरी म्हणजे आबा जी सांगायचे ती थोरल्याची गोष्ट.

थोरला अकरा वर्षांचा आणि धाकटा सहाचा असताना आबांनी सुट्टीत दोघांना ट्रकमधून नेलं होतं. एका उतारावर ट्रक उभा करून आबा मालाचा दोर आवळायला मागे गेले, आणि हँडब्रेक सुटला. ट्रक दोन पोरांना घेऊन निघाला. मागून आबा धावतायत, पुढे वळण, आणि वळणापलीकडे नुसती दरी. तेवढ्यात थोरल्याने स्टिअरिंगवर झेप घेतली, ब्रेक दाबला आणि ट्रक कडेच्या मातीच्या बांधाला नेऊन टेकवला. थोरल्याच्या आयुष्यात शौर्याचं एवढं एकच काम होतं. नंतर त्याने दुसरं केलं नाही. एका माणसाला एक पुरतं, असं त्याचं मत होतं.

ही गोष्ट आबांनी पाहुण्यांना सांगितली, शेजाऱ्यांना सांगितली, थोरल्याला मुलगी द्यायला आलेल्यांना तर दोनदा सांगितली. पंक्चरच्या दुकानात मात्र ती कधी तडीला गेली नाही. पंक्चर झालेला माणूस गोष्टी ऐकायच्या मनःस्थितीत नसतो. तो उभा राहतो, जॅककडे बघतो, घड्याळाकडे बघतो. आबांचा ट्रक उताराला लागायच्या आत याचं चाक बसलेलं असायचं, आणि आबा उघड्या तोंडाने जाणाऱ्या गाडीकडे बघत राहायचे.

मग एके दिवशी विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंगची यंत्रं बसवणाऱ्या कंपनीचा माणूस आला. आधी तो थोरल्याकडेच आला होता, हे इथे सांगायलाच हवं, कारण थोरला ते कधीच विसरला नाही. थोरल्याने जुन्या टायरांच्या ढिगाकडे बोट दाखवलं, जागा नाही म्हणून सांगितलं, आणि असल्या गाड्यांचं काही खरं नाही, हेही वर ऐकवलं. माणूस शेजारी गेला. धाकटा कात्री न थांबवता म्हणाला, "लावा की."

महिना-दोन महिन्यांत धाकट्याच्या दारात कपाटाएवढं यंत्र उभं राहिलं. त्याच्या दोन्ही अंगांना जाडजूड वायरी, आणि वायरीच्या टोकाला गाडीत खुपसायची गन.

लांबच्या प्रवासाला निघालेली मंडळी या यंत्रापाशी यायची ती प्राण कंठाशी आणूनच. बॅटरी वाचवायची म्हणून एसी बंद, काचा खाली, केस पिंजारलेले, आणि गाडीत अबोला. कारण मागच्याच चार्जिंगला थांबू या असं बायकोने म्हटलेलं असायचं, आणि पोचतो गं आरामात असं नवऱ्याने. मग ॲप उघडा, रेंज नाही म्हणून मोबाइल वर धरून अंगणभर फिरा, गन लावा, काढा, परत लावा. शेवटी यंत्राचा पंखा घुमायला लागला की दोघांच्या तोंडावर रंग परत यायचा. आणि मग त्यांच्या लक्षात यायचं की आता पाऊण तास करण्यासारखं काहीही नाही. समोर सलून. नवरा फिरत्या खुर्चीत बसायचा, बायको बाकावर टेकायची.

आबा एकदा सहज काय चाललंय ते बघायला तिकडे गेले. ते परत आलेच नाहीत.

जन्मभर जे मिळालं नव्हतं ते आबांना सापडलं होतं. पळून न जाऊ शकणारी माणसं. थोड्याच दिवसांत ते त्या यंत्राचे जाणकार झाले. दोन गाड्यांना दोन गन लागल्या की वीज वाटली जाते आणि दोघींचं चार्जिंग रेंगाळतं. लोक वैतागायचे, आबा खुलायचे. एकच गाडी असेल तर गोष्ट थेट उतारावरून सुरू, दोन असतील तर ट्रक विकत घेतला तिथपासून. ऐंशी टक्क्यांपुढे बॅटरी फार सावकाश भरते, म्हणून मागे कुणी ताटकळत असेल तर ऐंशीला गन काढून जागा करून द्यायची, अशी या लोकांत रीत आहे, हेही त्यांना कळलं. तेव्हापासून आबांचा ट्रक बरोबर ऐंशी टक्क्यांना बांधाला टेकायला लागला.

इकडे ट्रकची जुनी सीट रिकामी. थोरल्याने ती नवीन रेक्झिनने मढवली, वर पंखा लावला, पाण्याचा माठ आणला. आबा भिडेखातर आले. एक गिऱ्हाईकही आलं, घाईतलं. आबांनी सुरुवात केली आणि त्याच क्षणी कॉम्प्रेसर सुरू झाला. ट्रकच्या गोष्टीत दुसऱ्याच ट्रकचा आवाज आल्यासारखं झालं. आबांनी दोनदा घसा खाकरला आणि उठून पलीकडे गेले.

तेही थोरल्याने गिळलं असतं. पण एका दुपारी तो ट्यूब पाण्यात दाबून बुडबुडे शोधत होता, आणि भिंतीपलीकडून आबांचा आवाज आला. ट्रक बांधाला टेकला होता, कुणीतरी सुस्कारा सोडला होता, आणि आबा म्हणत होते, "अकरा वर्षांचा तो पोरगा म्हणजे कोण? हा काय, तुमच्या यजमानांच्या डोक्यावर कात्री चालवतोय तो."

थोरल्याने कान भिंतीला लावला. आता धाकटा नाही म्हणेल. धाकटा नुसता नम्रपणे हसला. तो हसण्याचा आवाज थोरल्याला जन्मभर ओळखीचा होता.

समोरच्या पाण्यात बुडबुड्यांची रांग लागली होती. त्याने ती पाहिलीच नाही.

रात्रीच्या जेवणाला त्याने विषय काढला. आवाज शांत ठेवायचा असं ठरवून बसला होता, पण पहिल्या वाक्यालाच आवाज चढला. ट्रक कुणी थांबवला होता, ते आबा विसरले का, असं त्याने विचारलं.

"विसरेन कसा? मी मागून धावत नव्हतो?"

"मग त्याला का दाखवता?"

"अरे, गोष्ट संपली की लोक विचारतात, आता कुठे असतो तो मुलगा? मग कुणीतरी दाखवावं लागतं. तो समोर उभा असतो, पांढरा एप्रन घालून. तू कायम कुणाच्या तरी गाडीखाली. नुसते पाय दाखवू?"

थोरल्याची बायको हसू लपवायला भांडं घेऊन आत गेली. भांडं रिकामं होतं.

थोरल्याने विचार केला आणि त्याला आबांचं म्हणणं पटलं, हीच त्यातली वाईट गोष्ट. म्हणजे आपण स्वच्छ होऊन समोर बसलो की झालं. तो कधी धाकट्याकडून दाढी करून घेत नसे, त्यासाठी बाजारापर्यंत पायपीट करायचा. पण दुसऱ्या दिवशी त्याने दोन्ही गन लागल्याचं पाहिलं, कोपरापर्यंत हात घासले, इस्त्रीचा शर्ट चढवला आणि जाऊन खुर्चीत बसला.

"दादा, तू?" धाकट्याने चष्मा वर केला.

"का? मला दाढी येत नाही?"

धाकट्याने मुकाट्याने कापड बांधलं, फेस लावला. बाकावर एक प्रवासी बाई होत्या, म्हाताऱ्या आईला घेऊन निघालेल्या. आबा ट्रक विकत घेत होते. थोरला आरशात सगळं बघत होता. उतार आला, हँडब्रेक सुटला. ट्रक टेकला. वस्तरा नेमका गळ्याशी होता. आबांचा हात उठला आणि, सवयच ती, धाकट्याकडे गेला.

थोरल्याच्या घशातून आवाज निघाला.

"दादा, हलू नकोस. कापेल," धाकटा म्हणाला.

बाई धाकट्याकडे कौतुकाने पाहत होत्या. त्या नुसत्या कौतुकावर थांबणाऱ्या नव्हत्या. एवढासा मुलगा, ट्रकच्या ब्रेकपर्यंत पाय कसे पोचले, आणि पोचले तर समोरचा रस्ता दिसत कसा होता, असं त्यांनी विचारलं.

"दिसत होता," धाकटा जरा चाचरत म्हणाला. "काचेतून."

थोरल्याने त्याचा हात वस्तऱ्यासकट बाजूला केला.

"दिसत नव्हता. सीटवर बसून पाय पोचत नव्हते. मी खाली घसरलो, दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलो आणि स्टिअरिंगला लोंबकळलो. काचेतून फक्त आभाळ दिसत होतं. बांध कुठे आहे ते मला माहीतच नव्हतं."

अर्ध्या गालावर फेस, अर्धा गाल उघडा, अशा त्या चेहऱ्याकडे सगळे बघत राहिले. आबाही.

"मग तो मुलगा नक्की कोण?" म्हाताऱ्या आईने विचारलं.

"हा," धाकटा म्हणाला. "मी शेजारी बसून भोकाड पसरलं होतं." आणि त्याने ते इतक्या आनंदाने सांगितलं, की सगळं सलून हसलं. आपल्याला आपली गोष्ट परत मिळाली त्याच क्षणी हसू दुसऱ्याला का मिळालं, ते थोरल्याला कळेना.

ते पुढेही कळेना. आबा आता खरी गोष्ट सांगायचे. थोरला लटकल्याचं सांगायचे, पाय ब्रेकवर असल्याचं सांगायचे, आणि "तो काय शेजारी, गाडीखाली" असं म्हणून भिंतीवर टकटक करायचे. पण त्यांनी धाकट्याचं रडणंही आत घातलं होतं. त्या रडण्याचा ते हुबेहूब आवाज काढायचे. रोज थोडं लांबवायचे. थोरल्याच्या शौर्याला लोक "अरे वा" म्हणून मान हलवायचे. धाकट्याच्या रडण्याला लोटपोट व्हायचे, आणि जाताना कुणी आजीबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवून जायच्या. बिचारा, केवढासा होता.

"मिळाली ना गोष्ट परत?" बायकोने विचारलं. "आता काय झालं?"

काही नाही, म्हणून थोरला ताटावरून उठला.

आणि एका सकाळी, भिंतीपलीकडे आबांनी रडण्याचा आवाज काढायला सुरुवात केली, तेव्हा थोरला गाडीखालून सरपटत बाहेर आला. हातात पाना होता, तोंडाला काळं होतं. तसाच तो सलूनच्या दारात जाऊन उभा राहिला. बाकावर एक निवृत्त मास्तर होते, खुर्चीत त्यांचा जावई.

"रडलो तर मीही होतो," थोरला म्हणाला.

आबांचा आवाज मध्येच थांबला.

"तू कधी?"

"ट्रक थांबल्यावर. तुम्ही धावत आलात, दार उघडलंत आणि याला कडेवर घेतलंत. मी खाली उतरून मागच्या चाकाआड गेलो. बराच वेळ रडलो. मग ट्रकच्या कॅनमधल्या पाण्याने तोंड धुतलं."

"मला कसं नाही कळलं?"

"तुम्ही याला गप्प करत होतात."

बाहेर यंत्राचा पंखा घुमत होता. धाकट्याने कात्री खाली ठेवली. आबांनी थोरल्याच्या हातातल्या पान्याकडे पाहिलं, मग त्याच्या तोंडाकडे, जणू ते अजून धुतलेलं आहे का ते बघत असावेत. मग बाकावर सरकून त्यांनी शेजारची जागा हाताने झटकली.

"बस इथे," ते म्हणाले. "चाकाआड गेलास तिथपासून सांग. मला ते ठाऊक नाही."

थोरला बसला. मास्तरांना आता राहवेना. मग दोघांमध्ये जास्त कोण रडलं, असं त्यांनी विचारलं.

"मी," दोघे भाऊ एकदम म्हणाले.

थोरल्याचा आवाज जरा मोठा होता.