घशाच्या तळातला क

मुलगी बारा वर्षांची झाली त्या वर्षी तिनं रविवारच्या तालीमला जायला साफ नकार दिला.

तालीम म्हणजे आमच्या मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग. आठवडाभर इंग्रजी शाळा आणि ट्यूशन असते, त्यामुळे तो रविवारी सकाळी दोन तास भरायचा. रायपूरच्या बूढापारा मोहल्ल्यात, तलावालगतच्या गल्लीत एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी, वरच्या मजल्यावर. त्यांनी जन्मभर सरकारी शाळेत गणित शिकवलं होतं. सगळी मुलं त्यांना आपा म्हणायची, म्हणून मीही आपाच म्हणायचे. लहान मुलं कायदा, म्हणजे अरबी अक्षरांचं पहिलं पुस्तक, गिरवायची, त्याहून मोठी सिपारा, म्हणजे कुराणाच्या तीस भागांतला एकेक, वाचायची, आणि पंधरा-सोळा वर्षांची पोरंपोरी शेवटचा अर्धा तास आपांना हवं ते विचारायची.

आम्ही राहायचो शहराबाहेर कारखान्यांच्या पट्ट्यात, बीरगावला. नवरा जवळच्याच उरल्याच्या कारखान्यात फिटर, त्याला रविवारीही पाळी असायची. मुलीला स्कूटरवर नेणं-आणणं माझ्याकडे होतं. तिनं उशिरा सुरुवात केल्यामुळे आपांनी तिला सहा-सात वर्षांच्या मुलांत बसवलं होतं, आणि त्याचाच तिला राग होता.

"मैं नहीं जाऊँगी," ती म्हणाली. माझ्या मराठीला ती हिंदीतच उत्तर देते. "तुमको भी तो पढ़ना नहीं आता, मम्मी. तुमको कौन भेजता है?"

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. ती खरं बोलत होती.

माझं माहेर यवतमाळकडचं. गावात मुसलमानांची तीन घरं. मशीद नाही, मौलवी नाही. घरात आम्ही वऱ्हाडीच बोलायचो आणि मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकले. नमाजात म्हणायच्या चार-पाच छोट्या सुरा, कुराणातले अध्याय, मायनं मला तोंडी शिकवल्या. मायला तिच्या वडिलांनी शिकवल्या होत्या. पहाटे झोप पुरती गेलेली नसायची तेव्हा तिचा आवाज यायचा. अर्थ कळायचा नाही, शब्द कुठे सुटतो आणि कुठे जोडतो तेही कळायचं नाही. गोधडीखाली ऊब असायची आणि तो आवाज घरभर फिरत असायचा. मला वाटायचं, हा आवाज थांबला की दिवस उजाडतो. अक्षर म्हणून ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

मी मुलीला म्हणाले, "चाल, मी बी बसते तुह्यासंगं."

तिला वाटलं मी गंमत करते आहे. पुढच्या रविवारी मी खरोखरच चपला काढून चटईवर बसले तेव्हा ती उठून पार खिडकीपाशी जाऊन बसली. आपांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं, काही विचारलं नाही आणि एक कायदा माझ्यापुढे सरकवला. जोडीदार म्हणून एक सहा वर्षांची मुलगी दिली. तिचे पुढचे दोन दात पडलेले होते. तिनं बोट अक्षरावर ठेवलं आणि मोठ्या माणसासारखी म्हणाली, "आंटी, पहले मैं बोलूँगी, फिर आप."

त्या खोलीतली ती सकाळ मला अजून लख्ख दिसते. समोरच्या दोन घरांच्या फटीतून तलावाचा पट्टा दिसायचा, आणि ऊन चढलं की पाण्याचा उजेड येऊन छतावर हलत राहायचा. खाली वीस-पंचवीस मुलं झुलत वाचायची. प्रत्येकाचा धडा वेगळा, प्रत्येकाचा वेग वेगळा, पण सगळे आवाज मिसळून एकच गुंजन व्हायचं आणि त्यात मला हलकीशी गुंगी यायची. बीरगावला वाळत घातलेल्या कपड्यांवरसुद्धा काळी धूळ बसते. इथे बसलं की अंगावरून काहीतरी धुऊन निघाल्यासारखं वाटायचं. एकदा तर मी खरंच पेंगले. दात पडलेल्या माझ्या बाईंनी मला कोपरानं ढोसलं.

अक्षरं मात्र गुंगीत ठेवणारी नव्हती. मला एकच 'ह' ठाऊक होता, इथे दोन निघाले. 'क' पण दोन. मी वहीत देवनागरीत खुणा लिहून ठेवायला लागले. एका 'ह'पुढे लिहिलं, आरशावर वाफ सोडतो तसा. दुसऱ्या 'क'पुढे, म्हणजे क़ाफपुढे, लिहिलं, घशाच्या तळातून, विहिरीत दगड पडल्यासारखा. आपांनी ती वही पाहिली. मला वाटलं रागावतील. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "ये मराठी में क्या लिखा है?" मी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "कुएँ में पत्थर," त्या हळूच म्हणाल्या, आणि पुढच्या रविवारी सगळ्या लहान मुलांना त्यांनी तसंच शिकवलं.

मुलगी तीन-चार आठवडे खिडकीपाशीच राहिली. मग एकदा परतीच्या वाटेवर, सिग्नलला स्कूटर थांबलेली असताना, मागून तिचा आवाज आला, "मम्मी, तुम क़ाफ गलत बोलती हो. गले से बोलो."

"क़," मी म्हणाले.

"नहीं. और नीचे से."

"क़!"

शेजारचा रिक्षावाला दचकून आमच्याकडे पाहायला लागला. ती माझ्या पाठीवर डोकं टेकून इतकी हसली की हिरवा दिवा लागला तरी मला गाडी हलवता येईना. तिथून घरापर्यंत आम्ही दोघी हेल्मेटमधून 'क़' ओरडत गेलो. पुढच्या रविवारी ती माझ्या शेजारी बसली.

थंडीत आम्ही दोघींनी कायदा संपवला. एकदा आपा मोठ्या मुलांना सांगत होत्या की उच्चार का जपायचा. एका छोट्या सुरेच्या सुरुवातीलाच एक शब्द आहे, म्हणाल्या. घशातून म्हटला तर त्याचा अर्थ 'म्हण'. साध्या 'क'नं म्हटला तर अर्थ 'खा'.

मुलं हसली. मी नाही हसले. माय तो साध्या 'क'नं म्हणते. मीही चाळीस वर्षं तसाच म्हणत आले होते. मायची ती पहाट, तो घरभर फिरणारा आवाज, सगळं माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं.

प्रश्नांच्या अर्ध्या तासात मुलीनं हात वर केला. ती अजून त्या वयाची नव्हती, पण कायदा संपवला म्हणून आपा तिला बसू देत. "आपा, मेरी नानी गलत पढ़ती है. उनको बताना चाहिए क्या?"

आपांनी हातातला सिपारा मिटला. मग म्हणाल्या, की गणितात मी हजारो मुलांच्या वहीत लाल फुल्या मारल्या. इथे मला लाल पेन घेऊन कुणी बसवलेलं नाही. ज्याला ऐकायचं आहे तो तुझ्या नानीला खूप वर्षांपासून ऐकतो आहे. तिनं विचारलं तर सांग. नाही विचारलं तर गप्प राहा.

आम्ही गप्प राहायचं ठरवलं. पण ईदच्या दिवशी मोबाइलवर मायचा चेहरा समोर होता आणि मुलीनं हौसेनं तिला तीच सुरा म्हणून दाखवली. मायनं कान पुढे केला.

"हे पोट्टी 'क' अशी काहून म्हनते? ठसका लागल्यावानी?"

तिनं विचारलं होतं. मुलीनं खरं ते सांगून टाकलं, हिंदीत, हळू आवाजात. मायला हिंदी समजतं.

मायनं पुढे केलेला कान मागे घेतला. मग म्हणाली, "म्हंजे मी इतके वर्सं 'खा, खा' म्हनून राहिली?"

"माय, तसं नसते वो," मी म्हणाले. "आपा म्हनते की..."

"जेवले का तुमी?" तिनं विचारलं, आणि मी उत्तर द्यायच्या आत फोन भावाच्या हातात दिला.

त्यानंतर तिचे फोन आखडले. तब्येत बरी आहे, पाऊसपाणी ठीक आहे, ठेवते. महिन्याभरानं भावानं सांगितलं, "माय आता ओठ मिटून नमाज पढते. सकाळी आवाजच नाई येत. घर कसंतरीच वाटते." मला रात्रंदिवस ते लागून राहिलं. चूक कोणाची, हेही कळेना. मुलगी तर रडलीच. नानीचा आवाज आपण घालवला, असं तिच्या मनानं घेतलं.

आणि मग दिवाळीच्या सुट्टीत भाऊ मायला घेऊन रायपूरला आला. न कळवता. मी दार उघडलं तर माय हातात पिशवी घेऊन उभी. पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुह्या त्या बाईकडे ने मले."

रविवारी आम्ही तिघी ऑटोनं बूढापाऱ्यात गेलो. जिना चढताना माय दोनदा थांबली. आपांनी तिच्यासाठी खुर्ची ठेवली होती. पण ती चटईवर बसली, भिंतीला टेकून.

"सुनाइए," आपा म्हणाल्या.

"मले नाई येत," माय म्हणाली. "मी गलत म्हनते."

"तो गलत ही सुनाइए."

मायनं डोळे मिटले. छतावर पाण्याचा उजेड हलत होता. मग तिनं सुरुवात केली. सहा महिने बंद असलेला आवाज आधी खरखरला, मग मोकळा झाला. हळूहळू मुलांचं झुलणं थांबलं. ती चाल तिथल्या कुणीच ऐकलेली नव्हती. माय भलत्याच ठिकाणी थांबायची, शब्दाच्या मधोमध, आणि थांबताना छातीतून एक छोटासा हुंकार सोडायची. लहानपणापासून ऐकत आल्यामुळे मला तो कधी वेगळा वाटलाच नव्हता.

थांबण्याच्या जागांबद्दल आपा फार कडक होत्या. कुणी चुकीच्या ठिकाणी श्वास घेतला तर त्या पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावत. त्यांनी मायला शेवटपर्यंत म्हणू दिलं. मग विचारलं, "ये रुकना किसने सिखाया आपको?"

माय म्हणाली, "माह्या बापानं. तो जिनिंगमधी हमाल होता. त्याच्यासंगं एक बुढा हमाल होता, त्यानं बापाले शिकवलं, गाठी उचलता उचलता. गाठ उचलली का दम तुटे. जिथं दम तुटे तिथं थांबे. मले तसंच शिकवलं."

मी चाळीस वर्षांत हे तिला कधी विचारलं नव्हतं. कापसाची गाठ पाठीवर घेताना माणूस जो हुंकार देतो, तो माझ्या आजोबांकडून मायकडे आला होता, आणि मायकडून थोडासा माझ्याकडेही. माझी मुलगी तोंडाला ओढणी लावून ऐकत होती.

आपांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाल्यावरही पुसतच राहिल्या. मग एकदम शिक्षिका झाल्या. "अब क़ाफ सीखेंगी?"

"हो," माय म्हणाली. "त्याच्याचसाठी आली."

माझ्या जुन्या जोडीदारणीला तिच्याशेजारी बसवलं. आता ती सात वर्षांची होती, नवे दात आले होते. माय चार रविवार राहिली. दहा वेळा म्हटलं की एखादा 'क़' बरोबर यायचा. दाढा नाहीत, घसा कोरडा. तो आला की ती छोटी टाळी वाजवायची आणि माय लाजून पदरात तोंड घालायची. चौथ्या रविवारी प्रत्येकानं आपण कोणत्या पाऱ्यावर आहोत ते सांगायचं होतं. पारा म्हणजे सिपाराच. मायची पाळी आली तर ती गंभीरपणे म्हणाली, "बूढापारा." खोली हसण्यानं भरून गेली. आपासुद्धा हसल्या. मी त्यांना आवाज करून हसताना तेवढं एकदाच पाहिलं.

माय गावी परतल्यावर आठवड्यानं भावाचा फोन आला. "सुरू झाली. पण आता दोन-दोनदा म्हनते."

मुलीनं तिला विचारलं, "नानी, दो बार क्यों?"

"एक खेप तुह्या आपानं शिकवलं तसं," माय म्हणाली. "अन् एक खेप माह्या बापाचं. त्याचं बी राह्यलं पायजे ना."

याला आता चार वर्षं झाली. मुलगी बारावीत आहे आणि रविवारी लहान मुलांचा कायदा घेते. मी तिसऱ्या सिपाऱ्यात आहे. माझी गती फार कमी, पण मला कुठे जायची घाई नाही. आपांचे गुडघे दुखतात, म्हणून वर्ग खालच्या खोलीत आला आहे. तिथे पंख्याचा आवाज जास्त आहे.

मायनं कायदा मागवून घेतला. रविवारी दुपारी जेवणं झाली की मी फोन लावते आणि ती बोटानं अक्षर धरून दोन ओळी वाचते. मी इकडून होला हो म्हणते. गेल्या रविवारी दुसरी ओळ अर्धी झाली आणि तिचा आवाज मंद होत होत थांबला. "माय?" मी म्हटलं. तिला झोप लागली होती. फोन छातीवर असावा, कारण तिचा श्वास अगदी जवळून ऐकू येत होता. मागे कुणाची तरी बकरी ओरडली, अंगणात भांडं वाजलं, कुणीतरी "हळू" म्हणालं. मुलगी येऊन माझ्या शेजारी आडवी झाली. मी फोन स्पीकरवर टाकून दोघींच्या मध्ये ठेवला, आणि आम्हीही डोळे मिटले.