जब्बारचाचा आणि रोटी तुडवणारा बावर्ची

जब्बारचाचाच्या पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ गेमच्या तीन मशिनी होत्या. दोन मशिनींवर मारामारीचे गेम, ते कुणी कसेही खेळावेत. तिसऱ्या मशिनीपुढे मात्र चप्पल काढल्याशिवाय उभं राहता येत नसे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, आत कुठल्या पिराची जागा असेल. चाचा स्टुलावरूनच ओरडला, "ए, चप्पल काढ! तो आतला हरामखोर अन्नावर पाय देऊन राहिलाय, तू तरी लाज धर."

आतला हरामखोर म्हणजे पांढऱ्या टोपीचा, बोटाएवढा बावर्ची. पडद्यावर मजल्यामजल्यावर पाव, टिक्की आणि भाजीची पानं पसरलेली असत. हा शिड्या चढून त्यांच्यावरून चालला की ती खालच्या मजल्यावर आदळत आणि सगळ्यात खाली थर जमून एक भलामोठा भरलेला पाव तयार होई. पाठीमागे अंडी आणि मिरच्या धावत असत. त्यांनी गाठलं की बावर्ची आडवा. मशीन जुनीपुराणी होती, चित्रं जाडीभरडी, आणि आवाज जत्रेतल्या पिपाणीसारखा.

चाचाचं घराणं लग्नाच्या जेवणाचं. नांदेडपासून उदगीरपर्यंत त्यांच्या बिर्याणीच्या डेगी जायच्या. ते काम सोडून त्यानं हे पार्लर टाकलं तेव्हा दलालानं त्याला सांगितलं, "यात बावर्ची आहे, तुमच्याच धंद्यातला." चाचानं न बघता मशीन उचलली. चालू केल्यावर बावर्ची थेट पावावर चढला! पडलेला रोटीचा तुकडा उचलून डोळ्यांना लावणारा हा माणूस. मशीन परत जाईना, म्हणून खेळणाऱ्यांच्या चपला काढायचा नियम त्यानं केला. त्यानं कुणाचं पाप कसं कमी होत होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

"मिरचीला भिऊन पळनारा बावर्ची!" तो पडद्याकडं बघून थुंकल्यासारखं करी. "असल्याला मी डेगी घासायला बी ठेवलो नसतो."

भूकंपानंतरची ती वर्षं. लातुरात घरांच्या भेगा बुजायच्या आत क्लासच्या पाट्या लागत होत्या. अहमदपूरहून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला डॉक्टर व्हायला तिथं आणून सोडलं. अण्णा शाळामास्तर. त्यांच्या शब्दापुढं आमच्या घरात शब्द नव्हता. क्लासमध्ये आम्ही तीनशे मेंढरं. सर माईकवरून शिकवत. मागच्या बाकावरून सर दिसत नसत, फक्त ऐकू येत, आणि जे ऐकू येई ते पाठ करायचं असे. का, असं विचारणाऱ्याला सर म्हणत, "पेपरात 'का' येत नाही." यावर तीनशे मेंढरं हसत, मीही हसे.

खरी गोष्ट अशी की मला रक्त बघवत नव्हतं. अकरावीच्या प्रात्यक्षिकात बेडूक चिरायला घेतला आणि बेडकाआधी मीच आडवा झालो. सगळ्या कॉलेजला हे माहीत होतं. अण्णांना सांगायची माझी छाती नव्हती. म्हणून दुपारी दोन ते पाच, क्लासच्या वेळेला, मी अनवाणी उभा राहून पाव तुडवत असे.

चार महिन्यांत मी तो गेम पाठ केला. कुठली शिडी कधी, मिरची कुठून येते, सगळं वहीत उतरवून. एके दिवशी पडद्यावरच्या गुणांच्या यादीत पहिलं नाव माझं लागलं. मी ऐटीत चाचाकडं पाहिलं.

"पाठ केलास," तो म्हणाला. "तुमी क्लासवाले समदे येका घाण्याचे बैल. मीठ किती म्हनलं तर वही काढताल. अरे, चाखून बघायला जीभ लागते, गाढवा!"

मला इतका राग आला की त्या रागात बेडकाची गोष्ट मीच त्याला सांगून बसलो. तो पोट धरून हसला. त्या दिवसापासून मी 'डॉक्टरसाब' झालो. "आओ डॉक्टरसाब, आज किती मिरच्यांला भ्याले?"

मग एका दुपारी अण्णा दारात उभे राहिले. क्लासमध्ये चौकशी करून आले होते. घामानं टोपी भिजलेली. मी चाचाकडं बघून हात जोडले. 'आजच आलाय, पाणी प्यायला आलाय', काहीही सांग, असं माझं तोंड म्हणत असावं.

"माझा मुलगा इथं रोज येतो का?" अण्णांनी विचारलं.

"हाव गुरुजी. रोज येतो. दोन ते पाच."

मी मेलो. चाचा एवढ्यावर थांबला नाही. "आन् डॉक्टर बी होत न्हाई ह्यो. बेडूक बघून पडतो. तुमाला सांगायला भितो. लई भित्रं लेकरू हाय तुमचं."

अण्णांचा हात उठला. चाचानं तो धरला नाही, मधेही आला नाही. फक्त म्हणाला, "मारा. पन आदी ऐका. माजा पोरगा सलीम न्हाई म्हनत होता. मला दुकानात काम लावा म्हनायचा, चुलीचा धूर नको. मी ऐकलो न्हाई. बापजाद्यांचं काम हाय म्हनलो, आन् दावतीच्या कामावर धाडलो त्याला. किल्लारीकडं. पहाटं जमीन हलली. घर त्याच्या अंगावर आलं. त्यानं मला चार दिस इनवला होता, गुरुजी. चार दिस! मी हसलो त्याला."

नेहमी दुसऱ्यावर थुंकणाऱ्या त्या आवाजात आता स्वतःबद्दलची किळस होती. अण्णांचा हात खाली आला. दोन मशिनी वाजत होत्या. ते मला घेऊन स्टँडवर आले आणि अहमदपूरच्या गाडीत शेजारी बसवलं. गाडी सुटल्यावर त्यांनी विचारलं, "तुला काय करायचंय?" हा प्रश्न मला आधी कुणी विचारलाच नव्हता.

चाचावर मी वर्षभर दात धरून होतो. चारचौघांत नागवं केलं म्हणून. राग पुढं निवला, पण त्याच्याकडं जायला तोंड नव्हतं. अहमदपुरात मोटारी भरायचं, म्हणजे पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं दुकान टाकलं, तेव्हा कुठं पेढे घेऊन लातूर गाठलं. चाचा म्हातारा झाला होता. शेडमध्ये बावर्चीची एकच मशीन उरली होती आणि खेळायला कुणी नव्हतं. ही आमची शेवटची भेट. पुढच्या उन्हाळ्यात तो गेला.

पेढ्यांकडं बघून त्यानं नाक मुरडलं. "साखर जास्त. खवा जळका. कुनाचा हाय?" मग मला निरखून म्हणाला, "डॉक्टर न्हाई झालास ना?"

"नाही चाचा. मोटारी भरतो. तुमचे उपकार..."

"गप! उपकार म्हनं." मग त्यानं विचारलं, "बाप बोलतो का तुज्याशी?"

"रोज. संध्याकाळी दुकानात येऊन बसतात."

चाचानं तोंड फिरवलं आणि खांद्यावरच्या फडक्यानं मशिनीची काच पुसू लागला. काच स्वच्छ होती. तो पुसतच राहिला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला,

"मंग हितं काय करून राहिलास? जा ना घरी."