अक्काचा विकल्प

अक्का गेली तो निरोप आला तेव्हा मी शिरोलीच्या कारखान्यात होतो. फोनवर तिच्या घराशेजारचे गृहस्थ होते. "अक्कास्नी जरा बरं न्हाय, तुमी यून जावा," एवढंच म्हणाले. आमच्याकडं असा निरोप आला की ऐकणाऱ्याला काय ते कळतं, आणि तरीही तो वाटभर साध्या तापखोकल्याचाच विचार करत राहतो. मीही केला. तिच्या घरी पोचलो तर अक्का कॉटवर होती, अंगावर धुतलेलं पातळ, चष्मा काढून उशाशी ठेवलेला. सकाळी आंघोळ केली, चहा घेतला, जरा पडते म्हणाली आणि गेली... सत्तरीला थोडी कमी होती. बायको रडली, शेजारणी रडल्या. मी डॉक्टरांचा दाखला कोणाकडं आहे ते विचारलं. लोकांनी माझ्याकडं पाहिलं, त्यात त्यांचं काही चुकलं नाही. घरात काही घडलं की मी आधी कागद शोधतो. ही खोड मला कशी लागली ते अक्का असताना कोणाला सांगता आलं नाही, म्हणून सहा आठवड्यांनी हे लिहायला बसलोय.

अक्का माझी थोरली बहीण. आम्ही मूळचे शिरोळ तालुक्यातले. घरात आई कानडी बोलायची, वडील मराठी, आणि भांडण दोन्हीत व्हायचं. वडील लवकर गेले. अक्का तेव्हा जयसिंगपूरला मॅट्रिक होऊन बसली होती. तिनं कोल्हापूर गाठलं, शिकवण्या करत पदवी घेतली आणि एका खासगी हायस्कूलमध्ये गणिताची बाई म्हणून लागली. आईला आणि मला तिनंच इकडं आणलं. माझा डिप्लोमा तिच्या पगारावर झाला, माझं लग्नही. तिचं राहून गेलं. दोन-तीन ठिकाणी बोलणी झाली होती. प्रत्येक वेळी तिनं विचारलं, लग्नानंतर पगार कोणाच्या हातात द्यायचा? पाहुणे चहा पिऊन परत गेले. आई गेल्यावर ती भाड्याच्या खोलीत एकटीच राहायची. शाळेत तिचा धाक मोठा होता. वर्गात ती पुस्तकी मराठी बोले आणि घरी आली की पायरीवर चपला काढता काढता आमच्या बोलीवर येई.

एकोणीसशे साठचं दशक संपत आलं होतं, तेव्हा खासगी शाळांतल्या शिक्षकांना सरकारनं पेन्शन देऊ केली. त्याआधी त्यांना फक्त प्रॉव्हिडंट फंड होता. पगारातून थोडं कापायचं, तेवढंच संस्थेनं घालायचं, आणि निवृत्त झालं की सगळं एकरकमी हातात. आता दोन्हींतलं एक निवडायचं होतं. फंड ठेवला तर पेन्शन नाही. पेन्शन घेतली तर संस्थेनं आजवर घातलेली रक्कम व्याजासकट सरकारजमा. त्यासाठी विकल्पाचा छापील फॉर्म आला होता. एकदा लिहून दिलं की बदलता येणार नव्हतं, आणि मुदतीत फॉर्म आला नाही तर तो माणूस फंडातच राहिला असं धरणार होते. शिक्षकांच्या खोलीत महिनाभर दुसरा विषय नव्हता. बहुतेकांना फंड हवा होता. मुलीचं लग्न, घराचं बांधकाम, सगळ्यांचे हिशेब त्या एकरकमी आकड्यावर बसलेले. सरकार दर महिन्याला घरबसल्या पैसे देईल यावर विश्वास ठेवायला मंडळी तयार नव्हती.

मलाही फंडच हवा होता. अक्काचा. मी दुसऱ्याच्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, फोरमन होतो आणि स्वतःची फौंड्री टाकायचं वेड डोक्यात शिरलं होतं. अक्काला निवृत्त व्हायला सहा वर्षं होती. तेवढ्यात जागा बघायची, भागीदार धरायचा, आणि फंड हातात आला की भट्टी पेटवायची. भागीदाराशी तसं बोलूनही झालं होतं. अक्काशी तेवढं राहिलं होतं. आमच्या मालकांच्या करसल्लागाराकडून मी एक मुद्दा मिळवला आणि तो घेऊन तिच्याकडं गेलो. म्हटलं, "अक्का, फंडाच्या रकमेला इन्कम टॅक्स नाही. पेन्शन म्हणजे उत्पन्न, त्यावर कर बसतो. सरकार एका हातानं देणार आणि दुसऱ्या हातानं काढून घेणार." अक्का वह्या तपासत होती. तिनं एका वहीच्या पाठीमागं आकडा मांडला, वर्षाच्या पेन्शनीचा. त्याच्या शेजारी कर कुठून सुरू होतो तो आकडा लिहिला. दोन्हींत इतकं अंतर होतं की वजाबाकी करायची गरजच नव्हती. "कर बसाय आधी तेवढं मिळाय पायजे की रं," ती म्हणाली. "आणि उद्या बसलाच, तर भरीन. त्यात काय लाज हाय?" मग लाल पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "बाळू, एकरकमी पैसा आला की तो घरच्यांचा हुतो. म्हैन्याला आला की माझा ऱ्हातो. म्हातारपणी मला कुणाकडं हात पसरायचा न्हाय. तुज्याकडंबी न्हाय."

मला राग आला. ज्या बहिणीनं सगळं दिलं तिनं एकदा नाही म्हटलं तर किती राग येतो, हे तो ज्याला आला त्यालाच ठाऊक. मुदत संपायच्या सुमारास अक्का विषमज्वरानं अंथरुणाला खिळली. गुरुवारी सकाळी मी कामावर जाताना डोकावलो तर तिनं उशीखालून फॉर्म काढून दिला. तापात अक्षर थोडं हललं होतं, पण पेन्शनपुढं खूण स्पष्ट होती. "उद्या संध्याकाळी फॉर्मांचं पाकीट जातंय. शाळेत जाऊन मुल्लांच्या हातात दे," म्हणाली. मुल्ला म्हणजे शाळेचे हेडक्लार्क. मी सायकलवर निघालो, शाळेच्या फाटकाशी आलो, आणि थांबलो नाही. कारखान्यात त्या दिवशी भट्टी लावली होती. दुपारी कागद भट्टीत टाकला. जळायला काही वेळ लागला नाही. त्या क्षणी काय वाटलं असं कोणी विचारलं तर खरं उत्तर असं, की हलकं वाटलं. भागीदाराचा चेहरा डोळ्यांपुढं आला.

शुक्रवारी संध्याकाळी मी पुन्हा तिच्याकडं गेलो. न जाणं संशयास्पद दिसलं असतं. अक्का उशीला टेकून बसली होती. ताप उतरलेला दिसला.

"दिलास का फॉर्म?"

"दिला," मी म्हटलं.

तिनं पांघरूण बाजूला सारलं. मग म्हणाली, "शेजारनीनं झुनका-भाकरी आनून ठिवलीया. जेवून जा." मी जेवलो. दोन भाकऱ्या खाल्ल्या, ती समोर बसून बघत होती.

पुढं काय झालं ते सांगण्यासारखं फारसं नाही. भागीदार वर्षभरात दुसऱ्या कोणाबरोबर गेला. माझी फौंड्री कागदावरही आली नाही. दरम्यान अक्काच्या शाळेतले चित्रकलेचे सर निवृत्त झाले. त्यांनी फंड ठेवला होता. रक्कम हातात आली तेव्हा सगळ्या शाळेला पेढे वाटले, आणि पैसे मुलाच्या दुकानात घातले. दोन वर्षांत दुकान बसलं. मग सर पगाराच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर दिसू लागले. कोणी जुना सहकारी बाहेर आला की त्याची चौकशी करायचे, घरच्यांची चौकशी करायचे, आणि हवापाणी झाल्यावर दहा रुपये मागायचे. मी एकदा अक्काला न्यायला गेलो असताना हे पाहिलं. अक्कानं पर्स उघडून पैसे दिले, आणि ते घेताना सरांनी मान दुसरीकडं वळवली. त्या दिवसापासून माझं हलकं वाटणं संपलं. मी तिलाही याच फाटकाबाहेर उभं करून ठेवलंय, हे मला कळलं. मुल्लांना गाठून उशिरानं काही करता येईल का ते विचारावं, असं कितीदा मनात आलं. पण मग फॉर्म कुठं गेला ते सांगावं लागलं असतं. एवढ्याच भीतीपायी मी बहिणीचं म्हातारपण पणाला लावून गप्प बसलो. ही गोष्ट मी नीटनेटकी करून सांगू शकत नाही.

अक्का निवृत्त झाली त्या वर्षी मी तयारीत होतो. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, पाय धरायचे हेही ठरवलं होतं. एके दिवशी तिनं बोलावून घेतलं. हातात लांब खाकी पाकीट होतं. "वाच," म्हणाली. वाचलं. तिला पेन्शन मंजूर झाली होती. रक्कम, तारीख, नाव, सगळं बरोबर. मी तो कागद उलटसुलट करून पाहिला. "काय रं, कर बसंल का ह्याच्यावर?" तिनं विचारलं आणि हसली. मी मान हलवली.

घरी जाताना मी एकच निष्कर्ष काढला. कुठंतरी चूक झालीय. कोणी कारकुनानं यादी करताना फंडाऐवजी पेन्शनीत नाव घातलं असणार. सरकारी गोंधळाचे इतके उपकार माझ्यावर कधी झाले नव्हते. पण चूक म्हटली की ती सापडण्याचीही भीती आली. एखाद्या तपासणीत कोणी मूळ फॉर्म मागितला तर? म्हणून पेन्शनीचं प्रत्येक काम मी अंगावर घेतलं. अक्काला कचेरीत पाऊलही टाकू दिलं नाही. न जाणो, ती गणिताची बाई, कुठल्या तरी कारकुनाची चूक दाखवायला जायची आणि जुनं दप्तर उघडायचं. दर नोव्हेंबरात पेन्शनरानं हयातीचा दाखला द्यावा लागतो, माणूस जिवंत आहे असा. अक्का सही करून तो माझ्याकडं द्यायची. मी त्याच सकाळी बँक उघडायच्या आधी दारात उभा. पेन्शनचा कारकून हसायचा, "पावणं, म्हैनाभर मुदत हाय की." मी म्हणायचो, असू दे, घ्या. अशी दहा-अकरा वर्षं गेली. त्या पैशांतून अक्कानं काय केलं? भाडं दिलं, आंबे आणले, गुरुवारी कधी एसटीनं नृसिंहवाडीला जाऊन आली, माझ्या मुलीला कंपास आणि नंतर सायकल घेतली. कोणाकडं काही मागितलं नाही. आणि मी दर पहिल्या तारखेला मनातल्या मनात त्या अनोळखी कारकुनाचे आभार मानत राहिलो.

अक्का गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मुल्ला भेटायला आले. आता ते फार थकलेत, नातवाचा हात धरून जिना चढले. चहा झाला, शाळेच्या गोष्टी झाल्या. मीच म्हटलं, अक्काला पेन्शन मिळाली ती देवाची कृपा, नाहीतर तिचे हाल झाले असते.

"देवाची खरीच," मुल्ला म्हणाले. "पर सही त्यांची हुती. मुदतीच्या दिवशी यादी बघिटली तर बाईंचा फॉर्म न्हाय. म्हटलं तापात ऱ्हायला असंल. दुसरा फॉर्म घिऊन मी सोता घरी गेलतो, दुपारी. बाई उठून बसल्या, सही दिली. तवाच मला म्हनल्या, भाऊसाहेब, हे बाळूला कळू दिऊ नगा. त्येला वाटंल, अक्कानं माज्यावर इस्वास ठिवला न्हाय."

दुपारी... म्हणजे त्या शुक्रवारी मी संध्याकाळी गेलो त्याच्या आधी. तिनं मला विचारलं तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. मी दिला म्हटलं तेही तिनं ऐकून घेतलं, आणि मला जेवायला बसवलं. त्यानंतर दर नोव्हेंबरात स्वतःचा जिवंतपणा लिहिलेला कागद तिनं त्याच हातात दिला. "दिलास का?" असं पुन्हा एकदाही विचारलं नाही. मुल्ला निघून गेले. अक्का गेली त्या दिवशी न आलेलं रडू तेव्हा आलं, इतक्या उशिरा.

मृत्यूचा दाखला बँकेत द्यायचा राहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो घेऊन गेलो. नोव्हेंबर सुरू झाला होता. खिडकीपाशी तोच कारकून. मला पाहून त्यानं सवयीनं हात पुढं केला, "आनलासा का अक्कांचा दाखला?" "आणलाय," म्हटलं. त्यानं घडी उलगडून कागद वाचला, आणि खुर्चीवरून उठून उभा राहिला. काही वेळानं मी त्याच्याकडं पोच मागितली. म्हणाला, "ह्येची पोच लागत न्हाय वो." मी म्हटलं, तरी द्या. त्यानं एका चिठ्ठीवर 'दाखला मिळाला' असं लिहून, तारीख घालून शिक्का मारून दिला. ती चिठ्ठी मी अक्काच्या खोलीत नेऊन तिच्या टेबलावर ठेवली आहे. भाडं पुढच्या महिन्यापर्यंत दिलेलं आहे. खोली रिकामी करताना बाकी सामान कोणाला द्यायचं ते ठरलंय. चिठ्ठी कोणाला दाखवायची, ते मात्र मला अजून सुचलेलं नाही.