जरा धरता का?

आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्या वहिनी दुकानात इतकं हळू बोलतात, की कान द्यावा लागतो. पण रविवारी औरंगपुऱ्याच्या भाजी मंडईत अचानक गाणं लागतं आणि त्या नवऱ्याचा हात धरून नाचायला लागतात. मग गर्दीतून त्यांनीच शिकवलेली दोन-चार जोडपी पुढं येतात. “बघून बघून लोकांची लाज जाती,” एवढंच त्या सांगतात.

परवा हवालदार हटकायला आला. वहिनींनी नाचता नाचता खांद्यावरची पर्स त्याच्याकडं दिली. “दादा, जरा धरता का?”

त्यानं धरली. मी बघतच राहिले.

प्रत्येक वरातीत सगळ्या बायकांच्या पर्सा सांभाळत मी कडेला उभी असते, हे त्यांनी कधी हेरलं कुणास ठाऊक. माझ्यापाशी येऊन म्हणाल्या, “तुमची बी द्या त्यांच्याकडंच.”

हवालदारानं दुसरा हात पुढं केला.